रंगाखालचा गंज

कोल्हापुराच्या पश्चिमेस, गगनबावड्याकडे, पाऊस मोठा. तेथें पत्र्यावरील जस्ताचा थर झिजला कीं पाणी व हवा लोखंडास लागून गंज चढतो. आमच्या परिचयाच्या एका गृहस्थांनीं कर्जापायीं घर विकावयास काढलें, तेव्हां गंज न खरवडतां छपरावर तांबडा रंग फासला. "घेणाऱ्यानें विचारलें नाहीं, मग मी खोटें तें काय बोललों?" असें ते म्हणतात.

वाचकहो, न विचारलेलें न सांगणें असत्य होय काय? सर्वत्र नव्हे, परंतु येथें तो रंगच मालकाच्या वतीनें बोलला. गंज सच्छिद्र असतो, ओल धरतो. त्यावरचा रंग पापुद्र्यांनीं सुटतो व खालीं लोखंड झिजतच राहतें. खरी रीत अशी: वैशाखांत तारेच्या ब्रशानें गंज खरवडावा, पत्रा पुसून वाळवावा, लागलीच रेड ऑक्साइडचा हात द्यावा, मग रंग, तोही सकाळीं, पत्रा तापण्यापूर्वीं. खरवडतांना भोंक पडलें तर ब्रशास दोष देऊं नये. भोंक होतेंच, गंजानें तें झांकलें होतें.

सौद्याच्या बोलणीस आम्हीही बसलों होतों, आणि गप्प राहिलों. मालकाचें कर्ज डोळ्यांपुढें होतें. घेणाऱ्याच्या लेंकरांची आठवण तेव्हां झाली नाहीं. मृग लागण्यापूर्वीं आम्ही त्या घरीं जाणार आहों. मालकांसही बरोबर चला म्हणून सांगितलें आहे.