वारुळाचं पीक

सुरतेत आता हिराही पिकवतात. बंद भट्टीत मिथेन वायू सोडतात, हिऱ्याच्या पातळ चकतीवर कार्बनचे थर चढत जातात आणि काही आठवड्यांत खाणीतल्या हिऱ्याच्या तोडीचा खडा तयार होतो. २०२३ साली पंतप्रधानांनी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नीला भेट दिलेला ७.५ कॅरटचा हिरा सुरतेतच घडला होता. रेशमापासून हिऱ्यापर्यंत, निसर्गाचं काम कारखान्यात उरकायची या शहराला सवय आहे. पण सुरतेतल्याच उधन्याहून जळगावची गाडी धरली की व्यारा, सोनगडच्या बाजूला सागाचं रान लागतं. त्या रानात आणि दक्षिणेकडे डांगात पावसाळ्यात वारुळांवर जी अळंबी उगवते, तिची व्यापारी लागवड सुरतेलाच काय, जगात कोणालाही साधलेली नाही.

प्लास्टिकच्या डब्यात मिळणारं बटन मश्रूम किंवा धिंगरी कंपोस्टवर, पेंढ्यावर वाढते. तिला सोबती लागत नाही. वारुळाच्या अळंबीला लागतो. कोकणात अळंबी, गोव्यात ओळमी, विदर्भात सात्या म्हणतात तिच्या या कुळाला रॉजर हाइम या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९४२ मध्ये ‘टर्मिटोमायसिस’ हे नाव दिलं. वर दिसते ती राखाडी-तपकिरी छत्री आणि तिच्या मधोमध टणक, टोकदार बोंड. त्या टोकानेच ती माती फोडते. देठ मात्र मातीपाशी संपत नाही. तो निमुळत्या मुळासारखा खाली जात राहतो आणि वारुळाच्या पोटातल्या, अक्रोडाच्या गरासारख्या सुरकुतलेल्या एका पोळ्याला जाऊन भिडतो.

हे पोळं वाळवीने रचलेलं असतं. पालापाचोळा आणि वाळकं लाकूड खाऊन ती जे विष्ठेवाटे टाकते, त्याचंच ते बनतं. लाकडातला चिवट भाग वाळवीला एकटीला पचत नाही, तो पोळ्यावरची बुरशी फोडते; अळंबी हे तिचंच फळ. पोळ्यावर बुरशीचे बारीक पांढरे मणी धरतात. ते मणी आणि मऊ झालेलं जुनं पोळं वाळवीचं अन्न. आतली ऊब ३० अंशांच्या आसपास, हवा दमट, आणि परकी बुरशी डोकं काढू लागली की कामकरी वाळव्या तिचा बंदोबस्त करतात. वसाहत मेली की त्याच पोळ्यातून झायलेरिया नावाच्या दुसऱ्या बुरशीच्या काळ्या काड्या वर येतात. राखण थांबली की शेत गेलं.

अळंबी रानात आपोआप उगवते हा समज मला म्हणूनच खटकतो. ती जोपासलेली आहे. शेतकरी आपण नाही इतकंच. वाळवीची ही शेती आफ्रिकेत सुमारे ३ कोटी वर्षांपूर्वी सुरू झाली, माणसाची जेमतेम १०-१२ हजार वर्षांपूर्वी. योहान केनिग या निसर्गअभ्यासकाने तंजावरच्या मुलखातल्या वारुळांविषयी १७७९ मध्येच लिहिलं होतं. तरीही शहरातल्या माणसाला वाळवी म्हटलं की फक्त दाराची चौकट आठवते.

आणि या शेतीला बियाणं लागतं. पावसाच्या सुरुवातीला दिव्याभोवती पंखवाल्या वाळव्यांचे थवे जमतात, ते नव्या वसाहती वसवायला निघालेले नर-मादी. बहुतेक जातींत ते घरून बुरशी सोबत नेत नाहीत. नव्या बिळातली पहिली कामकरी पिढी बाहेर पडते तेव्हा काडीकचऱ्याबरोबर बुरशीचे बीजाणू गोळा करून आणते, आणि ते बीजाणू आलेले असतात उमललेल्या अळंबीच्या पाकळ्यांमधून. बाजारात मान मात्र कळीला. मिटलेली, घट्ट अळंबी आधी उचलली जाते. उघडून चपटी झालेली मागे पडते. म्हणजे जी खुडायला आपण सर्वांत उतावीळ असतो, तिच्यातून एकही बीजाणू मातीत पडलेला नसतो. त्यात कोणी लोभापायी वारूळच उकरलं, तर पीकही गेलं आणि शेतकरीही.

गोव्यात हा ताण उघड दिसतो. रस्त्याकडेला पानांवर मांडलेली ओळमी तिथे नगावर विकली जाते आणि चांगला भाव खाते. अभयारण्यांतून ती काढायला मनाई आहे. गोव्यातले शास्त्रज्ञ नंदकुमार कामत अनेक वर्षं तिच्या ऱ्हासाचा इशारा देत आले आहेत. मनाई हवीच, पण ती पुरेशी आहे असं मला वाटत नाही. कोणतं वारूळ जिवंत, कोणतं थकलेलं, कुठली छत्री खायची आणि कुठलीकडे फिरकायचंही नाही, हे ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे त्यांना रानाबाहेर काढलं तर हे ज्ञानही बाहेर जाईल. सुरतेतल्या सोसायटीच्या हिरवळीवर पावसानंतर उगवलेली पांढरी छत्री कोणी चांदीचं नाणं घालून पारखायला जाऊ नये. ती पारख खोटी आहे आणि हिरवळीवरची एक सर्रास आढळणारी जात विषारी आहे.

लिंबायत-उधन्यात राहणाऱ्या खानदेशी घरांना नागपंचमी ठाऊक आहे. त्या दिवशी नांगर धरायचा नाही, माती खणायची नाही, बायकांनी वारुळाची पूजा करायची. रीत नागासाठी आहे, पण दिवस नेमका श्रावणातला आहे, वारुळाला कुदळ लागू नये असा. या रीतीतला संयम एका दिवसापुरता का ठेवायचा? दर वारुळावरच्या काही छत्र्या पूर्ण उमलून, झडेपर्यंत तशाच राहू द्याव्यात, आणि देठ हाताने वरच्यावर तोडावा. मुळासाठी खणू नये. याहून अवघड असं काही मी मागत नाही.

हे ठरवायचं कोणी? २००६च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर गावाचा हक्क मान्य केला. पण व्याख्येत वनस्पतीजन्य उपज असं म्हटलं आहे; यादीत बांबू, मध, लाख, तेंदूपत्ता, कंदमुळं आहेत, अळंबीचं नाव नाही, आणि बुरशी तर वनस्पतीही नव्हे. रान राखण्याचा अधिकार मात्र त्याच कायद्याने ग्रामसभेला दिला आहे. डांगातल्या, सोनगड-उमरपाड्यातल्या ग्रामसभांनी आपल्या शिवारातली जिवंत वारुळं मोजून घ्यावीत आणि आळीपाळीने त्यांतली काही दर पावसाळ्यात न खुडता सोडावीत. डांगातली अळंबी टिकवायची तर सुरुवात या मोजणीपासून व्हायला हवी.