ओल्या कागदाचे अठ्ठेचाळीस तास

ग्रंथालय, संग्रहालय किंवा अभिलेखागारावर आपत्ती येते तेव्हा नुकसान दोनदा होते. पहिले पाणी किंवा आग करते. दुसरे त्यानंतरच्या दोन-तीन दिवसांत घाई, गोंधळ आणि बुरशी करते. पहिल्यापुढे माणूस बहुधा हतबल असतो. दुसरे बऱ्याच अंशी टाळता येते. संग्रहांच्या आपत्ती-सज्जतेचा सगळा विचार या दुसऱ्या नुकसानाभोवतीच उभा आहे, आणि नेमका त्याच बाबतीत आपल्याकडे आनंदीआनंद आहे.

गेल्या पंचवीस वर्षांतला महाराष्ट्राचा अनुभव पुरेसा बोलका आहे. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या ताब्यातील नायट्रेट फिल्मची रिळे आगीत गेली. ५ जानेवारी २००४ रोजी भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेवर जमाव चालून गेला. २१ जून २०१२ रोजी मंत्रालय पेटले आणि माणसांबरोबर फायलींचाही बळी गेला. ऑगस्ट २०१९ च्या कृष्णेच्या पुरात सांगलीच्या नगर वाचनालयातील पुस्तकांचा लगदा झाला. चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराची कथा तर दुहेरी आहे. १८६४ साली स्थापन झालेली ही संस्था २६ जुलै २००५ च्या पुरात सापडली, सावरली, २०१३ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे यजमानपद तिने पेलले, आणि २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी पुन्हा कपाटांत शिरले.

पूररेषेतल्या गावात वाचनालय तळमजल्यावर ठेवतातच कशाला, असा प्रश्न अशा वेळी हटकून विचारला जातो. उत्तर साधे आहे: वाचक तिथे येतो. म्हाताऱ्या सभासदाला जिना चढवत नाही, आणि पुस्तकांच्या कपाटांचे वजन जुन्या इमारतीच्या माडीला पेलत नाही. म्हणून सगळा संग्रह वर न्या, हा सल्ला ऐकायला ठीक असला तरी अमलात येणारा नाही. काय वर न्यायचे, हे आधी ठरवणे एवढेच व्यवहार्य असते.

सर्वांत मोठा शत्रू पाणी. आगीतसुद्धा. बंबाचा फवारा आगीपासून वाचलेला भाग भिजवून टाकतो. १९८६ मध्ये लॉस एंजेलिसच्या मध्यवर्ती ग्रंथालयाला आग लागली तेव्हा सुमारे चार लाख पुस्तके जळाली आणि सुमारे सात लाख पाण्याने व धुराने खराब झाली. नायट्रेट फिल्मचे प्रकरण त्याहून वेगळे: जळताना ती स्वतःच प्राणवायू पुरवते, त्यामुळे पाण्याखालीही विझत नाही. तिच्या बाबतीत तयारी म्हणजे थंड, स्वतंत्र कोठी आणि वेळेवर काढलेली सुरक्षित प्रत. आग लागल्यानंतर करण्यासारखे काहीच उरत नाही.

भिजलेले पुस्तक कसे वागते हे कळल्याशिवाय ते वाचवता येत नाही. आजचे पुस्तक स्वतःच्या वजनाच्या साठ टक्क्यांपर्यंत पाणी शोषते. जुना चिंध्यांचा कागद त्याहून अधिक. पुस्तके फुगतात, फळीत घट्ट बसतात आणि कधी कपाटाच्या बाजू फाकवतात. तेव्हा ओढून काढण्याच्या नादात पुठ्ठाच हातात येतो. गुळगुळीत, चकचकीत कागदाची पाने ओली असेपर्यंत सुटी होतात. एकमेकांवर वाळली की त्यांची वीट होते आणि ती कायमची असते. दिवाळी अंकांच्या आर्ट पेपरवरच्या रंगीत पानांचे असेच होते. जुन्या कागदपत्रांवरची काजळाची शाई ओलाव्याने सहसा पूर्ण विरघळत नाही, पण त्यावरून बोट फिरवले की अक्षर पुसले जाते. फाउंटन पेनची निळी शाई आणि कचेरीचे जांभळे शिक्के मात्र पाण्यात वाहून जातात.

आपल्या हवेत अठ्ठेचाळीस ते बहात्तर तासांत बुरशी धरते. त्याआधी पुस्तक एक तर वाळत घालावे लागते किंवा गोठवावे लागते. गोठवल्याने वेळ मिळतो: उणे वीस अंशांच्या आसपास बुरशी थांबते आणि पुढे सवडीने वाळवता येते. लॉस एंजेलिसची ओली पुस्तके खाद्यपदार्थांच्या शीतगृहांत ठेवली गेली होती. कोकणात मासळी गोठवणारे कारखाने आहेत. त्यांच्याशी पावसाळ्याआधी बोलून ठेवणे हे ग्रंथपालाचे काम आहे, ही कल्पनाच अजून रुजलेली नाही. जिथे गोठवण्याची सोय नाही तिथे सावलीत, पंख्याखाली, पाने किंचित पसरून वाळवावे. ऊन टाळावे; उन्हात पुठ्ठे वाकतात, कागद पिवळा पडतो. चिखल पुसू नये. पुस्तक मिटलेल्या अवस्थेतच स्वच्छ पाण्यात विसळावे. फोटो एकमेकांवर रचू नयेत.

पानांमध्ये घालायला टिपकागद नसेल तर कोरा न्यूजप्रिंट उत्तम. छापील वर्तमानपत्र नको, त्याची शाई ओल्या पानावर उतरते.

कोऱ्या न्यूजप्रिंटचा विषय निघाला की तापीच्या खोऱ्यात जावे लागते. देशातला पहिला न्यूजप्रिंट कारखाना मध्य प्रदेशातल्या बऱ्हाणपूर जिल्ह्यातल्या नेपानगरला. १९५५ साली तिथे उत्पादन सुरू झाले. त्याच जिल्ह्यात महाराष्ट्राच्या सीमेला लागून खकनार तहसील आहे. इथे पुण्यासारखे भांडारकर नाही, पेशवे दफ्तर नाही. हा मुलूख जुन्या मध्य प्रांताच्या निमाड जिल्ह्यातला. प्रांताची राजधानी नागपूर, जिल्ह्याची खांडवा, १९५६ नंतर राज्याची भोपाळ. बऱ्हाणपूर स्वतंत्र जिल्हा झाला तो २००३ साली. ज्या मुलखाची कचेरी इतक्यांदा बदलली तिथे मूळ कागद शोधायला कुठे जायचे, हाच आधी प्रश्न पडतो, आणि घरातल्या ट्रंकेतल्या कागदाचे मोल वाढते.

ते मोल किती, हे वनहक्क कायद्याने दाखवून दिले. २००६ च्या या कायद्यानुसार १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून जमीन कसत असल्याचे दाखवावे लागते. आदिवासी नसलेल्या कुटुंबांना तर तीन पिढ्यांचा म्हणजे पंचाहत्तर वर्षांचा रहिवास. वन खात्याने कधी काळी फाडलेली दंडाची पावती इथे पुरावा ठरते. जो दंड बापाने नाइलाजाने भरला त्याची पावती मुलाच्या दाव्याचा आधार होते. वडीलधाऱ्यांचे जबाबही नियमांत धरले आहेत, पण कागद हाती असला की दावा फेटाळणे अवघड जाते. खकनारच्या कोरकू आदिवासी कुटुंबाचे अभिलेखागार म्हणजे अशा पाच-सात चिठोऱ्यांची पिशवी. छप्पर गळले किंवा वाळवी लागली तर त्या घरापुरती ती आपत्ती मंत्रालयाच्या आगीहून लहान नसते.

इथे गोठवण्याचा उपाय चालत नाही. या पट्ट्यात केळीची शीतगृहे आहेत, पण केळी साधारण तेरा अंशांवर ठेवतात. तेवढ्या गारव्याने बुरशी मंदावते, थांबत नाही. म्हणून इथली तयारी अधिक साधी आणि अधिक आगाऊ हवी: कागद प्लास्टिकच्या घट्ट झाकणाच्या डब्यात, जमिनीपासून हातभर वर, भिंतीपासून सुटा, आणि प्रत्येक कागदाचा मोबाइलवर काढलेला फोटो ग्रामसभेच्या नोंदीत आणि नातेवाइकाच्या फोनमध्येही. फोटो मूळ कागदाची जागा घेत नाही. शिक्क्याचा उठाव, शाईचा पोत, मागची पुसट नोंद यांतले बरेच त्यात येत नाही. पण काय हरवले हे तरी त्यावरून सांगता येते.

यादीचे महत्त्व भांडारकर संस्थेवरच्या हल्ल्यानंतर कळले असेल. विखुरलेले पान कोणत्या पोथीचे, हे सूचीशिवाय कोणाला सांगता येईल? तिथल्या हस्तलिखितांच्या वर्णनात्मक सूची कित्येक दशके छापल्या जात होत्या. बहुसंख्य तालुका वाचनालयांची दाखल नोंदवही मात्र त्याच कपाटात असते ज्यात पुस्तके असतात. पुस्तके बुडतात आणि काय बुडाले याचा हिशोबही बुडतो. विम्याचा दावा तिथेच अडतो.

राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१७ मध्ये संग्रहालयांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्या चांगल्या आहेत, पण एकाच शिपायाच्या जिवावर चालणाऱ्या वाचनालयाला जाड पुस्तिकेपेक्षा एका पानाचा आराखडा उपयोगी पडतो. त्यात आधी वाचवायच्या वस्तू, त्यांची कपाटे आणि किल्ली कोणाकडे हे असावे. वीज कुठून तोडायची, वाळवायला कोणाचे सभागृह मिळेल आणि रात्री फोन कोण उचलेल हेही. वाचवायच्या वस्तू दहा-वीसच असाव्यात. सगळेच मौल्यवान म्हणणारी यादी पुराच्या रात्री कुचकामी ठरते, आणि पुन्हा विकत मिळणारी कादंबरी कितीही लोकप्रिय असली तरी त्या यादीत तिला जागा नसावी. गावच्या जत्रेची हस्तलिखित वही, संस्थेचे पहिले इतिवृत्त, स्थानिक साप्ताहिकाची एकमेव फाइल यांना असावी. या पानाची एक प्रत इमारतीबाहेर, कार्यवाहांच्या घरी राहिली पाहिजे.

हा आराखडा करायला अनुदान लागत नाही. कार्यकारिणीची एक बैठक पुरते. मृग लागण्याआधी ती घ्यावी, यादीतले फोन नंबर त्याच बैठकीत लावून पाहावेत आणि न लागणारे तिथेच खोडून नवे लिहावेत.