संचिताची झडती

दहाव्याला कावळा शिवायला दोन तास लागले. वाईला कृष्णेच्या घाटावर आम्ही सगळे उन्हात उभे होतो आणि पिंडाकडे एकही कावळा फिरकत नव्हता. माझा धाकटा भाऊ दहावीचा निकाल लागायच्या आधीच रक्ताच्या कर्करोगाने गेला होता. एकेक जण पुढे होऊन कबुली देत होता: तुझी सायकल कुणाला देणार नाही, आईला सांभाळू. मागे कुणीतरी बाई हळू आवाजात म्हणाल्या, "गेल्या जन्मीचं काहीतरी असणार. नाहीतर एवढ्या वयात?" आईने ते ऐकलं. शेवटी तीच पुढे झाली, ओठातल्या ओठात काही पुटपुटली, आणि कावळा आला.

संचित, प्रारब्ध, क्रियमाण हे शब्द मला आजोबांनी शिकवले होते. माणूस जन्माला येताना शिदोरी बांधून आणतो ते संचित, तिच्यातलं जे या जन्मात भोगायचं ते प्रारब्ध. आजोबांच्या तोंडी हे ऐकताना धीर यायचा. घाटावरच्या त्या वाक्यानंतर मात्र आई रात्र-रात्र जागून शिदोरी उलगडत बसायची. त्याच्या गाठीला काय होतं? की माझ्याच?

चार वर्षांनी मी नेदरलँड्समध्ये डेल्फ्टला आले, क्वांटम माहितीशास्त्रात एम. एस्सी. करायला. शैक्षणिक कर्ज, भाड्याची खोली, समोरून येणाऱ्या वाऱ्यात सायकल रेटणं, हे इथे शिकायला आलेल्या सगळ्यांच्याच वाट्याला येतं. माझ्या मनात राहिला तो एक आकडा. २०१५ साली याच विद्यापीठाच्या आवारात झालेल्या प्रयोगातला.

१,२८० मीटर अंतरावर दोन हिरे, प्रत्येकात एक इलेक्ट्रॉन. प्रकाशकणांच्या मध्यस्थीने दोघांना एकमेकांत गुंतवायचं आणि मग दोघांनाही दोनपैकी एक प्रश्न विचारायचा, म्हणजे एक मोजमाप करायचं. कुठला प्रश्न, ते ऐन वेळी ठरतं. एवढं अंतर कापायला प्रकाशाला ४.२७ मायक्रोसेकंद लागतात. दोन्हीकडची उत्तरं त्याच्या आत नोंदवायची, म्हणजे इकडचा प्रश्न तिकडे कळायला वावच नाही. आईनस्टाईनचा आग्रह होता की अशा कणांची उत्तरं आधीपासून ठरलेली असली पाहिजेत, आपल्याला ती दिसत नाहीत इतकंच. भौतिकशास्त्रज्ञ जॉन बेल यांनी १९६४ मध्ये दाखवलं की हा आग्रह तपासून बघता येतो. कण सगळी उत्तरं आपापल्या शिदोरीत घेऊन निघाले असतील, तर त्यांच्या जुळणीची एक ठरावीक बेरीज २ च्या वर जाऊच शकत नाही.

डेल्फ्टमध्ये २२० तासांच्या मोजणीत २४५ नोंदी मिळाल्या. बेरीज आली २.४२.

नोंदी फार थोड्या, म्हणून अनिश्चितताही मोठी, ०.२० ची. पण पुढे इतर ठिकाणी झालेल्या प्रयोगांनीही हाच कौल दिला. अभ्यासासाठी मी ती बेरीज स्वतः करून पाहिली. रात्रीचे अकरा वाजले होते, वाईला पहाटेचे साडेतीन. कागदावर आकडा लिहिला आणि मला घाट आठवला. कणांच्या संचिताची झडती घेतली, तर तिथे काही सापडलं नव्हतं.

इथे मला जपून बोललं पाहिजे. भावाच्या पेशीत झालेली चूक आणि इलेक्ट्रॉनचं उत्तर या एका जातीच्या गोष्टी नाहीत. शिवाय कारण मुळातच नसतं, असंही या प्रयोगाने सिद्ध होत नाही. भौतिकशास्त्रज्ञ डेव्हिड बोम यांच्या मांडणीत कारण आहे, पण ते कणाच्या एकट्याच्या गाठीला नसतं, दूरवरच्या सगळ्या मांडणीत पसरलेलं असतं. प्रश्नही विश्वाच्या आरंभापासून ठरलेले आहेत, असं म्हणणारेही आहेत. ते मला पटत नाही. तसं असेल तर कुठल्याच प्रयोगाला काही विचारण्यात अर्थ राहत नाही. कर्मसिद्धान्त खोटा ठरला असंही मी म्हणणार नाही, तसंच आपल्या ऋषींना हे सारं ठाऊक होतं, असंही म्हणवत नाही. माझ्यापुरती एक सक्ती मात्र संपली. जे घडतं त्याचं कारण सोसणाऱ्याच्याच गाठीला असलं पाहिजे, ही सक्ती. विश्वाच्या तळाशीच तसा नियम नसेल, तर सोळा वर्षांच्या मुलावर तो लादायचा अधिकार कुणाला? क्रियमाण मी मानते: आज माझ्या हातून जे होईल, त्याची जबाबदारी माझी.

माझ्या घरात राहणाऱ्या झीलंड प्रांतातल्या मुलीला एका रात्री मी शिदोरीची गोष्ट सांगितली, तेव्हा ती म्हणाली, हे तिला ओळखीचं वाटतं. इथून जवळच्या डोर्ड्रेख्टला १६१८-१९ मध्ये धर्मपंडितांची परिषद भरली होती. कोण तरणार हे देवाने आधीच निवडलंय, माणसाची करणी पाहून नव्हे, असा निर्णय तिथे झाला. तिची आजी अजून त्या निर्णयाखाली जगते. आपण निवडलेल्यांत आहोत का, या विचाराने तिला झोप लागत नाही. वाईतली माझी आई आणि झीलंडमधली ती म्हातारी एकाच वेळी जाग्या असतील, असं त्या रात्री मला वाटत राहिलं.

गेल्या महिन्यात भावाची तिथी होती. फोनवर मी आईला सगळं सांगितलं: हिरे, प्रश्न, दोनचा आकडा. तिने मध्येच विचारलं, "म्हणजे त्यांच्या गाठीला काही नव्हतं?"

"नव्हतं. पण हे कणांचं झालं, आई. माणसाचं मला असं मोजून सांगता येणार नाही."

बराच वेळ ती बोलली नाही. मागे कुकरची शिट्टी झाली.

"त्या दिवशी घाटावर मी त्याची माफी मागितली होती," ती म्हणाली. "तेव्हा शिवला कावळा."

"माफी कशाबद्दल?"

"तेच तर कळत नव्हतं, अगं."