झेंडा उतरवायचा कुणी?

स्वातंत्र्यदिनाला ज्या सोसायटीच्या गच्चीवर झेंडा लागतो, तिच्याकडे दिवाळीच्या सुमारास एकदा मान वर करून पाहावे. केशरी रंग उडून पिवळट झालेला असतो. काठीकडची शिवण शाबूत असते, पण वाऱ्यावर मोकळी फडफडणारी कड उसवून तिच्या दशा झालेल्या असतात. हिरव्या पट्ट्याची एखादी चिंधी शेजारच्या डिश अँटेनात अडकलेली असते. याला अपमान म्हणायचे का? तसा हेतू कुणाचाच नव्हता. लावताना सगळ्यांनी ताठ उभे राहून राष्ट्रगीत म्हटले होते. उतरवायचा कुणी, एवढेच ठरले नव्हते.

झेंड्याच्या मानाचा विषय निघाला की आपली गाडी लगेच भावनेवर जाते. कोण उभा राहिला, कोण बसून राहिला, यावर घसे कोरडे होतात. २००२ची ध्वजसंहिता वाचायला घेतली तर तिच्यात व्यवहारच जास्त सापडतो. लांबी-रुंदीचे प्रमाण तीनास दोन. चढवायचा झपझप, उतरवायचा सावकाश. फाटका किंवा चुरगळलेला लावायचा नाही. त्यावर काही लिहायचे नाही. फडकवण्याआधी आत फुलांच्या पाकळ्या ठेवायला मात्र हरकत नाही. राष्ट्रीय मानचिन्हांच्या अवमानाविरुद्धचा १९७१चा कायदा तीन वर्षांपर्यंत कैद सांगतो, पण झेंडा जमिनीला टेकवणे किंवा केशरी पट्टा खाली ठेवून लावणे हे हेतुपुरस्सर असावे लागते. निष्काळजीपणाच्या वाटेला कायदा फारसा जात नाही, आणि ते बरेच आहे. गच्चीवरच्या दशांसाठी पोलीस येऊ लागले तर पुढच्या वर्षी कुणी झेंडाच लावणार नाही.

पण या निष्काळजीपणाला आळा घालणारी एक जुनी सोय आपण हातची घालवली. झेंडा सूर्योदयाला चढवायचा आणि सूर्यास्ताला उतरवायचा, हा नियम जुनाट वाटायचा. त्याच्यामुळे झेंडा रोज एका माणसाच्या हातातून जायचा. कचेरीचा शिपाई दोरीची गाठ सोडायचा, कापड खाली पडू न देता खांद्यावर घ्यायचा, आणि घडी घालताना कुठे टाका सुटलाय ते त्याला दिसायचे. घडीचीही रीत आहे: पांढरा पट्टा वर ठेवून केशरी आणि हिरवा त्याखाली दुमडायचा, मग दोन्ही टोके मध्याकडे आणायची, म्हणजे वर चक्र आणि दोन रंगांची किनार तेवढी उरते. जुलै २०२२मध्ये नागरिकांना घरावर, उघड्यावर रात्रंदिवस झेंडा ठेवायची मुभा मिळाली. मुभा सोयीची आहे, तक्रार तिच्याविषयी नाही. मात्र तिच्याबरोबर झेंड्याला रोज लागणारा हात गेला, आणि त्याच्या जागी दुसरे काही आले नाही.

म्हणून झेंडा पुन्हा सरकारी आवारात कोंडावा, असे मी म्हणणार नाही. नागपुरात १९२३ साली सिव्हिल लाइन्सकडे झेंडा घेऊन निघालेली माणसे तुरुंगात गेली. स्वतंत्र देशातही नवीन जिंदल यांना आपल्या कारखान्यावर तिरंगा लावण्यासाठी कोर्टाची पायरी चढावी लागली, आणि सन्मानाने झेंडा फडकवणे हा नागरिकाचा मूलभूत हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २००४मध्ये सांगितले. डिसेंबर २०२१मध्ये पॉलिस्टरच्या आणि यंत्रावर बनलेल्या झेंड्याला परवानगी मिळाली. पुढच्या ऑगस्टात 'हर घर तिरंगा'च्या वेळी पोस्टात २५ रुपयांना झेंडा मिळाला. हुबळीला किंवा नांदेडला बनणाऱ्या खादीच्या झेंड्याची किंमत ज्याला परवडत नव्हती, त्याच्या दारावरही तो लागला. हे चांगलेच झाले. खादीवाल्यांचे नुकसान हा वेगळा आणि खरा प्रश्न आहे, पण पॉलिस्टरमुळे झेंड्याची शान गेली हे रडगाणे मला पटत नाही. पावसात खादीही कुजते. अडचण अशी, की २५ रुपयांची वस्तू उसवली तर कुणी सुई-दोरा घेऊन बसत नाही, आणि टाकून द्यायलाही हात धजत नाही.

मग तो माळ्यावर जातो. जुन्या झेंड्याचे काय करायचे, हे विचारायचीच लोकांना भीती वाटते, कारण उत्तर कानाला बरे वाटत नाही: तो पूर्णपणे, एकांतात, शक्यतो जाळून नष्ट करावा, असे संहिता सांगते. झेंडा जाळणे म्हणजे देशद्रोह, एवढेच आपल्या मनावर ठसले आहे. कायदा मात्र सार्वजनिक ठिकाणी किंवा लोकांच्या नजरेसमोर जाळण्याला गुन्हा म्हणतो. भंगलेली मूर्ती आपण देव्हाऱ्यात ठेवत नाही आणि उकिरड्यावरही टाकत नाही, तिचे विसर्जन करतो. ही समज घरोघरी आहे. झेंड्यापाशी येऊन ती का अडते, कळत नाही. कागदी झेंड्यांनाही हाच नियम आहे. प्लॅस्टिकच्या झेंड्यांवर तर जुलै २०२२पासून बंदीच आहे, तरी सिग्नलवर ते दिसतात.

उंच झेंड्यांची हौस हा याच दुखण्याचा सरकारी अवतार. अटारी सीमेवर २०१७ साली ३६० फूट उंच ध्वजस्तंभ उभा राहिला आणि तिथल्या वाऱ्याने झेंडा पुन्हापुन्हा फाटला. उद्घाटनाचा खर्च मंजूर होतो. बदलीच्या कापडाचा आणि वर चढणाऱ्या माणसाचा खर्च मात्र मागाहून आठवतो.

करायचे काम फार मोठे नाही. ज्या पोस्टाच्या खिडकीवर ऑगस्टात झेंडे विकले जातात, तिथेच सप्टेंबरात जुने झेंडे परत घेता येतील. ग्रामपंचायती आणि महापालिकेची वॉर्ड ऑफिसेसही ते करू शकतात, आणि गोळा झालेले झेंडे संहितेप्रमाणे एकदम मार्गी लावता येतील. सोसायट्यांनी तर वर्गणीच्या हिशेबाशेजारी एक नाव लिहून ठेवावे: पंधरा ऑगस्टला संध्याकाळी गच्चीची किल्ली कुणाकडे.