चेंडू कुठे आहे?

वडवणीत एक मुलगी होती. पळण्यात तिचा हात धरणारे गावात कोणी नव्हते. दसरा झाला की तिचे आईवडील कोयता घेऊन ऊसतोडीला जात. मग ती आजीजवळ राही. शाळेत ती खो-खो खेळायची. पुढे शाळेत सॉफ्टबॉल आला आणि तिचे पाय पाहून सरांनी तिला संघात घेतले.

खेळ दिसायला सोपा. चेंडू मारायचा आणि पहिला, दुसरा, तिसरा बेस करत होम प्लेटला परत यायचे. फेरी पुरी झाली की एक रन. दोन बेसमधले अंतर 60 फूट.

"एवढंच?" मुलगी म्हणाली. "एवढं तर मी डोळे मिटून पळेन."

आणि ती खरोखरच डोळे मिटून पळाली.

पहिल्या सामन्यात ती पहिल्या बेसवर उभी होती. शेजारच्या दादाच्या मोबाइलवर तिने बेसबॉल पाहिला होता. तिथे रनर आधीच दोन-चार पावले पुढे सरकून उभा राहतो. हिनेही तेच केले. पिचरचा हात अजून फिरत होता, चेंडू सुटला नव्हता, आणि ही बेस सोडून पुढे. अंपायरने खेळ थांबवला. आऊट!

"सर, पिचरनं चेंडू टाकलासुद्धा नव्हता," मुलगी म्हणाली.

"म्हणूनच आऊट. खो मिळायच्या आधी उठलीस तर काय होतं?"

"फाऊल."

"इथं आऊट होतं. बेसबॉलमध्ये बेस 90 फुटांवर असतो, तिथं सरकलेलं चालतं. इथं पिचरच्या हातातून चेंडू सुटेपर्यंत पाय बेसवरच."

मुलीने मनाशी ठरवले, चेंडू सुटला की पळायचे.

पुढच्या सामन्यात पुन्हा ती पहिल्या बेसवर होती. चेंडू सुटला, बॅटरने मारला, तो उंच गेला. ही सुसाट निघाली. दुसऱ्या बेसवर पोचून तिने दोन्ही हात वर केले. मागे मात्र चेंडू झेलला गेला होता. झेलणारीने तो पहिल्या बेसवर फेकला. तिथल्या मुलीने चेंडू हातात घेऊन बेसवर पाय ठेवला. आऊट!

"झेल घेतला गेला तर आपला बेस परत गाठावा लागतो," सर म्हणाले. "मगच पुढं."

मुलीला वाटले, पळणाऱ्याला अडवायलाच हा खेळ काढला आहे. तिने ठरवले, आता जागचे हलायचेच नाही.

तिसऱ्या सामन्यात बॅटरने चेंडू मारला, तो जमिनीवरून सरपटत गेला. ही पहिल्या बेसला चिकटून उभी. बॅटर धावत आली आणि तिच्याच शेजारी थांबली. एका बेसवर दोघी. तेवढ्यात चेंडू दुसऱ्या बेसवर पोचला. तिथल्या मुलीने बेसवर पाय टेकवला. आऊट! आणि आऊट हीच झाली.

"मला तर कुणी हातसुद्धा लावला नाही!"

"लावायची गरज नव्हती. मारलेला चेंडू जमिनीवर पडला की बॅटरला पहिल्या बेसकडं यावंच लागतं. मग तो बेस तिचा होतो. तुला जागा सोडावीच लागते."

मुलगी रडकुंडीला आली. "पळाले तरी आऊट, थांबले तरी आऊट. करू काय?"

खरे तर सरांनी हे सगळे पहिल्याच दिवशी फळ्यावर काढून सांगितले होते. पण ज्याचे पाय फार चालतात, त्याचे कान जरा कमीच चालतात. सरांनी पुन्हा फळा काढला नाही. ते म्हणाले, "उद्यापासून तू पळायचं नाहीस. इतरांना पळवायचं."

त्यांनी तिला बेसच्या बाजूला, कोच उभा राहतो त्या चौकटीत उभे केले. पहिल्या दिवशी ती नुसतीच "पळ, पळ!" ओरडत राहिली. मुली पटापटा आऊट झाल्या आणि सगळ्या तिच्यावर चिडल्या. दुसऱ्या दिवशी ती ओरडायच्या आधी चेंडू शोधू लागली. तो कधी पिचरच्या हातात असे, कधी हवेत, कधी जमिनीवर. हळूहळू तिचे ओरडणे बदलले. "हातात आहे, थांब!" "हवेत आहे, बेसकडं बघ!" "जमिनीवर आहे, पळ!"

एक लहानगी दुसऱ्या बेसवर होती. तिने विचारले, "ताई, जमिनीवर असला की पळायलाच पाहिजे का?"

मुलगी क्षणभर थांबली. तिने पहिल्या बेसकडे पाहिले. तो मोकळा होता. "नाही. तुझ्या मागं कुणी नाही. तुझा बेस कुणाला नको आहे. जमलं तर पळ, नाहीतर थांब."

सरांनी ते ऐकले. दुसऱ्या दिवशी तिला परत संघात घेतले.

मग मोठा सामना आला. आजीही बघायला आली. सातवी म्हणजे शेवटची इनिंग, दोन्हीकडे सारखे रन, एक आऊट झालेली, आणि ही मुलगी तिसऱ्या बेसवर. बॅटरने चेंडू उंच मारला. मुलगी पळाली नाही. उलट मागे येऊन तिने बेसवर पाय रोवला.

"अगं माय, पळ की!" आजी ओरडली. "कामून उभी राह्यलीस?"

सगळे मैदान ओरडत होते. चेंडू खाली आला, क्षेत्ररक्षक मुलीच्या ग्लोव्हला लागला आणि उडाला. लागला त्याच क्षणी मुलगी सुटली. तिकडे त्या मुलीने उडालेला चेंडू दुसऱ्या प्रयत्नात पकडला. तोवर ही होम प्लेटवर होती.

समोरच्या संघाने चेंडू तिसऱ्या बेसवर नेला आणि अपील केले. "झेल पुरा व्हायच्या आधी ती निघाली!"

अंपायर म्हणाले, "झेल पुरा व्हायची वाट बघावी लागत नाही. चेंडूला पहिला स्पर्श झाला की रनर मोकळी. सेफ!" रन धरला गेला आणि सामना संपला.

आजीला काही तो हिशोब कळला नाही. घरी जाताना तिने विचारले, "एवढी वरडत व्हते, तवा कामून नाही पळालीस?"

"आजी, तू माझ्याकडं बघत होतीस. मी चेंडूकडं बघत होते."

पोरांनो, पाय कितीही जोरात चालोत, पळायच्या आधी चेंडू बघा.