225 वजा 216

मी एटापल्ली तालुक्यातल्या एका आश्रमशाळेत दहावीला गणित शिकवते. ज्या सरांशी हे बोलणं झालं, त्यांची उभी नोकरी मूल-चामोर्शी भागात गणित शिकवण्यात गेली. सराव परीक्षेच्या एका उत्तरपत्रिकेवरून, दहावीच्या गणिताला कॅल्क्युलेटर द्यावा का, यावर आमच्यात वाद सुरू झाला.

मी : सर, हे वर्गसमीकरण बघा. सूत्र बरोबर, किमती बरोबर घातल्या, आणि 225 वजा 216 म्हणजे 11 लिहिलं. 9 आले असते तर वर्गमूळ 3, मुळं 9 आणि 6. इथे पोरगी 11च्या वर्गमूळापाशी अडकली आणि उदाहरण अर्धवट सोडलं. तिला वर्गसमीकरण येतं. साधा कॅल्क्युलेटर हाती असता तर ते पेपरात दिसलं असतं.

सर : वजाबाकी चुकते तिची.

मी : घाईत चुकते. बोर्ड दहावीला वजाबाकीची परीक्षा घेतंय का?

सर : तिचीही घेतंय. मॅडम, 11 आल्यावर तिला खटकायला हवं होतं. ही आकड्यांची जाण बटणं दाबून येत नाही. उद्या ती 225च्या जागी 252 दाबेल. वजा 216 म्हणजे 36, वर्गमूळ 6, अगदी सुबक. मग तर शंकासुद्धा येणार नाही.

मी : बारावीला मग लॉगटेबल कसं चालतं? लॉगटेबल वापरा, कॅल्क्युलेटर नको, असं पेपरवरच छापलेलं असतं. नेपियरने 1614 साली लॉगॅरिदम मांडले तेच मुळी आकडेमोडीचा त्रास वाचवायला. ते साधन सोवळं आणि हे ओवळं? सांख्यिकीतली गृहीतमध्य पद्धतसुद्धा मोठे गुणाकार टाळण्यासाठीच आहे. कॅल्क्युलेटर दिला तर तिची गरज काय?

सर : तिथे चुकताय. सगळ्या संख्यांमधून 50 वजा केले की मध्यही बरोब्बर 50 ने सरकतो, हे पोराला त्या पद्धतीतून कळतं. मध्य म्हणजे काय ते तिथे कळतं. यंत्र नुसतं उत्तर देईल.

हे मला मान्य करावंच लागलं. पण माझं खरं दुखणं वेगळं होतं.

मी : बंदी तरी सगळ्यांना सारखी आहे का? 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमता आहे, आणि तिच्यात डिसकॅल्क्युलियाचं नाव आहे. प्रमाणपत्र असलेल्या मुलाला बोर्ड कॅल्क्युलेटर वापरू देतं.

सर : द्यायलाच हवा.

मी : हवाच. पण प्रमाणपत्र कुणाला मिळतं? मुंबई-पुण्यातल्या मोठ्या शाळेत समुपदेशक असतो, आईबापांना हे ठाऊक असतं, ते चाचण्यांसाठी फेऱ्या मारतात. भामरागडच्या पोराला कोण ओळखणार? ओळखलं तरी जिल्ह्याचं ठिकाण पावणेदोनशे किलोमीटरवर. पर्लकोटा नदीच्या पुराने भामरागड कितीदा तुटलंय, तुम्ही पाहिलंय. आणि चाचणी कुठल्या भाषेत? घरी माडिया बोलणारं मूल मराठी शाब्दिक उदाहरणात अडखळलं, तर अडचण आकड्यांची की भाषेची?

सर : मग चाचणी इथे आणा, माडियात आणा. नियम कशाला मोडता?

मी : कधी येणार ती?

सर : ते नाही सांगता येत. पण एका लंगड्या पोराला काठी मिळत नाही म्हणून तुम्ही वर्गातल्या सगळ्यांना काठ्या वाटताय. ज्याला खरोखर आकडेच जुळत नाहीत, तो त्या गर्दीत दिसेनासा होईल. आज निदान तुम्हाला तो दिसतो.

मी : दिसून त्याच्या पदरात काय पडतं? नापासाचा शेरा.

यावर आम्ही बराच वेळ फिरत राहिलो. तेच प्रश्न, तीच उत्तरं.

मी : इंग्लंडात सोळाव्या वर्षीच्या परीक्षेला गणिताचे तीन पेपर असतात. पहिल्याला कॅल्क्युलेटर नाही, पुढच्या दोन्हींना आहे. आपल्याकडे भाग 1 आणि भाग 2 असे चाळीस-चाळीस गुणांचे दोन पेपर आहेतच. भाग 1 मधल्या अर्थनियोजनापुरता तरी द्या. शेअरवरची दलाली, दलालीवर 18 टक्के जीएसटी. असले हिशोब आज कोण हाताने करतं?

सर : मे महिन्यात तेंदूची पानं गोळा होतात त्या फळीवर या. सत्तर पानांचा एक पुडा, हजार पुड्यांची गोणी. पुडा बांधणाऱ्या म्हातारीच्या बोटांनाच सत्तर पानं कळतात. मुंशीने शेकड्यामागे पाच पुडे खराब म्हणून बाजूला काढले, तर तिचे किती पैसे बुडाले ते ती उभ्याउभ्या सांगते. कॅल्क्युलेटर मुंशीच्या खिशात असतो.

मी : म्हणून तर तो आमच्या पोरीच्या हातात हवा! पेसा आणि वनहक्क कायद्यामुळे आता कितीतरी ग्रामसभा तेंदू स्वतः विकतात. तिथे वही ग्रामसभेची असते, आणि लिहायला बसते ती आपलीच दहावी शिकलेली पोरगी. घरटी पुडे, मजुरी, रॉयल्टी, हे सगळं तिने हाताने जुळवायचं?

सर : कॅल्क्युलेटरवर जुळवावं. पण आकडा चुकलाय हे म्हातारीने सांगायच्या आधी तिला कळावं. म्हातारीकडे आहे ते शाळेने पोरीला द्यायचं की नाही, एवढंच विचारतोय.

मी : म्हातारीला ते फळीवर मिळालं, सर. परीक्षेत बंदी घातली म्हणजे आपण ते दिलं, असं आपण धरून चालतो.

सर : बरं, अर्थनियोजनापुरतं तुमचं घेतो. बाकी नाही. आणि तो आकडे न जुळणारा पोरगा? त्याच्या आठवीपासूनच्या वह्या जपून ठेवा. भाषेची अडचण कुठे आणि आकड्यांची कुठे, हे चाचणी घेणाऱ्याला दाखवायला हाताशी काहीतरी हवं.

मी : आणि चाचणी घेणारा मिळालाच नाही तर?

सर : तर तुमचं म्हणणं खरं ठरेल, मॅडम. मला ते आवडणार नाही.