सतरा तास आणि एक नाव

५ सप्टेंबर १९८६च्या पहाटे मुंबईच्या सहार विमानतळावरून पॅन अ‍ॅम कंपनीचं एक जंबो जेट न्यूयॉर्कला जायला निघालं. वाटेत थांबे दोन, कराची आणि फ्रँकफर्ट. कराचीला काही प्रवासी उतरले, काही चढले. सकाळी सहाच्या सुमारास सुरक्षारक्षकांचे गणवेश घातलेले चार जण सुरक्षादलाच्या वाटाव्यात अशा गाडीतून विमानाजवळ आले आणि गोळ्या झाडत शिडी चढून आत घुसले. अबू निदालच्या पॅलेस्टिनी संघटनेची ती माणसं होती. त्यानंतर सुमारे सतरा तास ते विमान विमानतळावरच उभं राहिलं.

‘नीरजा’ हा राम माधवानी यांचा २०१६चा चित्रपट याच विमानाची गोष्ट सांगतो. मी तो दोनदा पाहिला आणि दोन्ही वेळा शेवटी डोळे पुसले. तरीही या चित्रपटाबद्दल एक गोष्ट मनात सलत राहिली आहे. ती सांगायची तर आधी त्याने काय साधलं ते सांगायला हवं.

विमान अपहरणावरचा चित्रपट म्हटला की पाठलाग आणि कमांडोंची झडप डोळ्यांपुढे येते. इथे त्यातलं काहीच करता येण्यासारखं नव्हतं. विमान उभं, वैमानिक आधीच निसटलेले, आत पावणेचारशेच्या आसपास माणसं. या सतरा तासांत बहुतेक वेळ फक्त वाट पाहण्यात गेला. माधवानींनी ते ओळखलं. कॅमेरा चेहऱ्यांना चिकटून राहतो. पाणी मागणारं मूल, हात वर धरून अवघडलेले खांदे, रांगेतून फिरणारी बंदूक यांतूनच भीती साठत जाते.

पासपोर्टचा प्रसंग मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. अपहरणकर्त्यांना अमेरिकी प्रवासी वेगळे काढायचे होते. त्याआधी भारतात जन्मलेल्या आणि नुकतंच अमेरिकेचं नागरिकत्व मिळालेल्या एका तरुणाला त्यांनी विमानाच्या दारात गोळी घातली होती. मग कर्मचाऱ्यांना फर्मान सुटलं, सगळ्यांचे पासपोर्ट गोळा करा. त्या मुली पिशवी घेऊन रांगारांगांतून निघाल्या. अमेरिकी पासपोर्ट हाती आला की तो आसनाखाली सरकवायचा, कचऱ्यात टाकायचा, पिशवीत मात्र जाऊ द्यायचा नाही. आरडाओरडा नाही, झटापट नाही. चेहरा शांत, हात नेहमीसारखे चालू, आणि एका निळ्या पुस्तिकेमागे एकेक जीव वाचतो आहे. या शौर्याला बाहेरून बघणाऱ्याला दिसेल असं रूपच नव्हतं, कारण ते दिसलं असतं तर फसलं असतं.

पण हे काम एका मुलीचं नव्हतं. अनेकींनी ते केलं, एकमेकींशी न बोलता, नुसत्या नजरेने.

मला जे सलतं ते हेच, अनेकींचं काम एकीच्या नावावर जातं. कॉकपिटला सावध करण्याचं काम चित्रपटात हवाईसुंदरी नीरजा भनोतचं आहे. त्या इशाऱ्यामुळे कॉकपिटमधले तिघे छतातल्या झडपेतून दोराने उतरून निसटले. विमानात वैमानिकच नसेल तर ते कुठेही नेता येत नाही, आणि तेव्हाच्या प्रशिक्षणातही हेच शिकवलेलं असे. पुढे पुष्कळांनी त्या वैमानिकांना पळपुटे म्हटलं. मला ते पटत नाही. ते विमान उडालं असतं तर काय झालं असतं, याचा विचार या टीकाकारांनी केलेला दिसत नाही. चित्रपट आल्यावर २०१६ मध्येच त्या केबिनमधल्या सहा जणांनी बीबीसीला मुलाखत दिली, तब्बल तीस वर्षांनी. त्यांच्या सांगण्यात अपहरणाचा संकेत देणारा हात दुसऱ्या एका सहकारिणीचा आहे. आणखी एकीला अपहरणकर्ते कॉकपिटमध्ये घेऊन गेले तेव्हा तिने उघडी झडप पाहिली आणि न पाहिल्यासारखं केलं. वैमानिकांना दूर जायला तेवढाच वेळ मिळाला.

चित्रपटाला नायिका लागते, हे मला कळतं. सोनम कपूरच्या चेहऱ्याशिवाय इतके प्रेक्षक ही गोष्ट पाहायला आले नसते. पण दुसरीही वाट असते. पॉल ग्रीनग्रास यांनी २००६ मध्ये ‘युनायटेड ९३’ केला, ११ सप्टेंबर २००१ला अपहरण झालेल्या चौथ्या विमानावर. त्यात ओळखीचा तारा नाही. अमेरिकेच्या हवाई वाहतुकीची सूत्रं त्या दिवशी ज्यांच्या हाती होती त्या बेन स्लायनी यांनी स्वतःचीच भूमिका केली आहे, आणि त्या पदावरचा त्यांचा तो पहिलाच दिवस होता. तिथे प्रवाशांची नावंही आपल्याला धड कळत नाहीत. गोंधळलेली, घाबरलेली चाळीस माणसं हळूहळू एक होतात. तो चित्रपट डोळ्यांत पाणी आणत नाही, छातीवर दडपण ठेवून जातो. मला तो जास्त खरा वाटतो.

मग ‘नीरजा’कडे मी पुन्हा का गेलो? घरासाठी. नीरजाचे वडील हरीश भनोत हे पत्रकार, दिवसभर बातम्यांच्या जगात वावरणारे, आणि त्या दिवशी स्वतःच्या मुलीच्या बातमीची वाट पाहणारे. आणि आई रमा, शबाना आझमींनी साकारलेली. मुलीचं लग्न मोडलेलं, हुंड्याच्या छळातून ती काही आठवड्यांत परत आलेली, मग मॉडेलिंग, मग पॅन अ‍ॅम. ही पार्श्वभूमी चित्रपट अपहरणाच्या प्रसंगांत गुंफतो. काही ठिकाणी तो जोड ओढूनताणून वाटतो, जणू नवऱ्याचा जाच सोसला म्हणून ती बंदुकीपुढे उभी राहिली. पण आईचं घर मात्र अस्सल आहे. रमा भनोत यांचं डिसेंबर २०१५ मध्ये निधन झालं आणि चित्रपट फेब्रुवारीत लागला. आपल्यावर बेतलेली ती भूमिका त्या माउलीला चित्रपटगृहात बसून पाहता आली नाही.

असंच एक घर कराचीतही होतं. पॅन अ‍ॅमचा तिथला एक तरुण मेकॅनिक विमानात अडकला. रेडिओ चालवता येतो म्हणून त्याला कॉकपिटमध्ये बसवलं गेलं आणि नंतर त्यालाही मारलं. त्याच्या घरी कोण वाट पाहत होतं, हे चित्रपट विचारत नाही. दोन शत्रू मानलेल्या देशांची माणसं एकाच छताखाली एकाच कामावर असताना मेली, हे या घटनेचं फार मोठं सत्य होतं. पाकिस्ताननेही नीरजाला तमगा-ए-इन्सानियत दिला आहे.

रात्री विमानाची वीज संपली. दिवे मंदावले, अंधार झाला, आणि मधोमध गोळा केलेल्या प्रवाशांवर त्या चौघांनी गोळ्या झाडल्या आणि हातबॉम्ब टाकले. वीसहून अधिक माणसं मेली, शंभरावर जखमी झाली. अंधारात चाचपडत दारं उघडली गेली, म्हणून बाकीचे वाचले. तीन मुलांना गोळ्यांपासून वाचवताना नीरजा गेली, असं तिच्या गौरवात म्हटलं आहे. अशोकचक्र मिळालेली ती पहिली स्त्री. दोन दिवसांनी, ७ सप्टेंबरला, ती तेवीस वर्षांची होणार होती.

‘नीरजा’ जरूर पाहा, मुलांनाही दाखवा. पण त्यानंतर त्या सहा जणांची मुलाखतही शोधून वाचा. गोळीबारानंतर बहुतेक प्रवासी बाहेर पडले होते, आणि कुणी मागे राहिलं आहे का ते पाहायला त्यांच्यातले दोघं त्याच विमानात पुन्हा चढले. जखमी नीरजा त्यांनाच सापडली.